तुरीची ओळ आणि पिवळा गाडा

मित्रांनो, मी एक जुनी मोघण आहे. मोघण म्हणजे काय, हे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल, आणि तेच माझे दुखणे आहे. तिफण सगळ्यांना ठाऊक असते. तिचे चित्र तुमच्या पुस्तकातही असते. माझे चित्र मी अजून कुठे पाहिलेले नाही.

मी म्हणजे कमरेएवढी उंच अशी वेळूची पोकळ नळी. माझ्या डोक्यावर बाभळीच्या लाकडाची वाटी आहे आणि खालचे टोक तिरपे कापलेले आहे. वालूरच्या लिंबाजी सुताराने मला घडवले. खरे म्हणजे तो तिफण घडवत होता. तिच्यासाठी त्याने चांगले लाकूड निवडले, तासले, पुन्हापुन्हा डोळा लावून सरळ आहे का ते पाहिले. तिच्यातून जो तुकडा उरला, त्याची माझी वाटी झाली. माझा जन्मच असा उरल्यासुरल्यातून झाला. त्या दिवसापासून तिफणीचे आणि माझे कधी पटले नाही.

आम्ही दोघी सूर्यभानच्या घरी आलो. तिफणीला तीन फण असतात, म्हणून ती एका वेळी तीन ओळी पेरते. ज्वारीत तूर घालायची असली की तिच्या चाड्याचे, म्हणजे बी सोडायच्या लाकडी वाटीचे, एक भोक चिंधीने बुजवत आणि मला दोरीने तिच्यामागे बांधत. तिच्या एका फणाने उकरलेल्या रेघेत मी तूर सोडायची. म्हणजे मला मिळणारी जागाही तिने सोडलेली. पेरणीच्या सकाळी तिफणीला हळदीकुंकू लावत, तिच्यापुढे नारळ फोडत. मी बाजूलाच पडलेली असे. नारळाच्या पाण्याचे चार शिंतोडे अंगावर उडाले तर तेवढेच.

पण एका गोष्टीत मी तिच्यावर मात केली होती. चाड्यावर मूठ सूर्यभानची असे आणि माझ्यावर त्याची बायको चांगुणाबाई हिची. त्या घरात रीत अशी होती, की मोघणीवर जिची मूठ, ती ओळ तिची. ओळीला आमच्याकडे तास म्हणतात. तर तुरीचे तास चांगुणाबाईचे. ती तूर ती स्वतः कापायची, बडवायची, भरडायची. त्यातली डाळ सोनपेठला दिलेल्या लेकीला, मनकर्णाला जायची, शेजारी बाळंतीण असली तर तिला जायची. कुणाला द्यावे, किती द्यावे, हे चांगुणाबाईला कोणाला विचारावे लागत नसे. साऱ्या घरात तिच्या मनाप्रमाणे वागणारी वस्तू ती एकच होती, आणि ती माझ्या तोंडातून जमिनीत गेलेली होती. तिफणीने कितीही तोरा मिरवला, तरी हे तिला कधी जमले नाही.

पुढे संकरित ज्वारीची पिशवी घरात आली. रंगीत, छापील पिशवी. सारे शेत त्या एकाच पिकाचे करावे, असे तेव्हा सांगत. सूर्यभानने ऐकले. तूर बंद झाली आणि मी खुंटीवर चढले. पिशवीला मात्र उंदरांपासून जपायला पत्र्याचा डबा आणला गेला. मी खुंटीवरून त्या डब्याकडे बघत राहायची. बहात्तरच्या दुष्काळात काहीच पिकले नाही. माणसे परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी खाऊन जगली. ती छापील पिशवीही आता डब्याबाहेर रिकामी लोंबत होती. खरे सांगते मित्रांनो, ते पाहून मला बरे वाटले. मत्सर असाच असतो. स्वतःचे पोट रिकामे असताना तो दुसऱ्याच्या रिकाम्या पोटाकडे बघून ढेकर देतो.

दुष्काळ सरला, पण तुरीचे तास परत आले नाही. एका पंचमीला मनकर्णा माहेरी आली. ती सासरी परत निघाली तेव्हा चांगुणाबाईने सूर्यभानला म्हटले, “लेकीला थोडी डाळ घेऊन द्या की.”

“बघू,” सूर्यभान म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. पण त्याचे ‘बघू’ फार लांबायचे. मनकर्णा रिकाम्या पिशवीने गेली. तिकडे सासूने विचारले म्हणे, “का गं, तुझ्या माहेरी तूर उगवायची थांबली का?” हे चांगुणाबाईच्या कानावर आले. त्या दिवशी तिने माझ्याकडे पाहिले आणि बराच वेळ पाहत राहिली.

नंतर सत्त्याहत्तर साली शेतकी खात्याचे दिनकरराव ओसरीवर येऊन बसले. ते सांगू लागले, की हैदराबादजवळ एक मोठे संशोधन केंद्र निघाले आहे. तिथे पुष्कळ देशांची माणसे एकाच प्रश्नावर काम करतात. जिथे पावसाचा भरवसा नाही, तिथे जमिनीचा कस न घालवता सर्वांना पुरेल एवढे कसे पिकवावे? ते म्हणाले, “ज्वारीत तूर घ्या, असं ते सांगताहेत. तुरीचं मूळ खोल जातं, पाला जमिनीला मिळतो. एक पीक गेलं तरी दुसरं हाती लागतं. तुमच्या शेतात प्रयोग करू.”

खुंटीवर मी फुगले. एवढ्या देशांची माणसे, आणि त्यांना आठवण झाली ती माझी. आता तिफणीने बघावे.

पेरणीच्या सकाळी चांगुणाबाईने मला उतरवले, पुसले आणि काखेत मारून शेतात नेले. बांधावर पोचलो आणि माझी सगळी फुशारकी उतरली. तिथे केंद्राने पाठवलेला एक पिवळा गाडा उभा होता. लोखंडी, दोन चाकांचा, बैलांनी ओढायचा. त्यावर पेट्या होत्या. एक पेटी ज्वारीची, दुसरी तुरीची. चाक फिरले की बी आपोआप पडायचे. मागे चालणाऱ्या बाईची गरजच नव्हती. उन्हात त्याचा रंग असा चकाकत होता, की बैलसुद्धा मान वळवून त्याच्याकडे बघत होते.

दिनकररावांबरोबर केंद्रातले एक पाहुणे होते. इब्राहिमसाहेब त्यांचे नाव, आफ्रिकेतल्या नायजेरिया देशाचे. ते इंग्रजीत बोलत आणि दिनकरराव मराठीत सांगत.

सूर्यभानने मला पाहिले. “ते लाकूड कशाला आणलंस गं?”

“गाडा अडला तर ढकलायला,” चांगुणाबाई म्हणाली.

इब्राहिमसाहेब हसले आणि त्यांनी मला हातात घेतले. आता माझा फोटो निघणार, असे मला वाटले. त्यांनी मला डोळ्याला लावून माझ्यातून आभाळ पाहिले. मग चांगुणाबाईला विचारले, कसे पेरतात ते दाखवाल का? तिने मला मातीत टेकवले आणि रिकामी मूठ माझ्या वाटीवर धरून बोटे हलवली. तिच्या बोटांची ती चाल मला पाठ होती, पण आत काहीच पडले नाही. साहेबांनी मान डोलावली आणि फोटो काढला तो गाड्याचा.

मग त्यांनी सहज विचारले, “आमच्या गावी ज्वारीत चवळी पेरतात. ती चवळी माझ्या आईची असायची. इथली तूर कोणाची?”

“कोणाची म्हंजे?” सूर्यभान म्हणाला. “शेताची. औंदा सेलूच्या अडतीला घालायची हाय.”

“माझी,” चांगुणाबाई म्हणाली.

हे पाहुण्यांना सांगावे की नाही म्हणून दिनकरराव घुटमळले. सूर्यभान हलक्या आवाजात म्हणाला, “पाव्हण्यांपुढं काय काढायलीस? ती रीत मोघणीची होती. हितं कुठं मोघण हाय?”

मी बांधाला टेकून उभी होते. माझा जीव वाटीत आला. आता ती म्हणेल, ‘गाडा परत न्या, मी मोघणीनेच पेरते.’ एवढे एक वाक्य मला हवे होते.

चांगुणाबाई गाड्यापाशी गेली. सूर्यभानच्या हातातली तुरीच्या बियांची पिशवी तिने घेतली. “मोघण नसंल. तूर तर हाय ना? ह्या पेटीत बी मी वतणार. जिची मूठ तिचं तास.”

“मूठ तर गाडा सोडायलाय.”

“गाड्याला जेवायला डाळ लागती का?”

दिनकरराव हसू दाबत खाली बघू लागले. सूर्यभान म्हणाला, “मग बैल म्हणतील आमचं तास. वढायलेत तर ते.”

“त्यांला डाळीची चुणी दीन की मी. तुमीच सांगा, आजवर भुस्कट कोण घालायलंय?” मग तिचा आवाज खाली आला. “पोरगी रिकामी गेली माझी. मला दरसाल तुमच्यापुढं हात पसरायचा न्हाई. तासं चार घाला न्हाईतर चाळीस, पण तूर माझी.”

सूर्यभानने टोपी काढली, डोके खाजवले, पुन्हा घातली. “बरं. घाल. पण शेंगा बडवायला मी येणार न्हाई.”

“आजवर कवा आलाव?”

तिने पिशवी पेटीत ओतली. पेटीचे झाकण लावून त्यावर हात ठेवला आणि गाड्याबरोबर चालू लागली. माझ्याकडे तिने वळूनही पाहिले नाही. जो हात इतकी वर्षे माझ्या अंगावर होता, तो त्या तापल्या लोखंडावर होता. मला वाटत होते, एखादे चाक निखळावे, एखादी नळी चिखलाने बुजावी. तसे काही झाले नाही. गाड्याने सरळ, एकसारख्या ओळी पेरल्या. मी कधी पेरल्या नव्हत्या तेवढ्या सरळ.

माघात तूर निघाली. चांगुणाबाईने अंगणात बडवली. मनकर्णा आली तेव्हा आईने तिची पिशवी तोंडापर्यंत डाळीने भरली.

मनकर्णाने विचारले, “आये, ही आपल्या मोघणीची का?”

“न्हाई गं, गाड्याची,” चांगुणाबाई म्हणाली. “पण तास माझंच. ने, सासूला सांग.”

मी कोपऱ्यात होते. मला ते ‘न्हाई गं’ फार लागले. आणि मनकर्णा ती पिशवी डोक्यावर घेऊन ताठ मानेने फाटकाबाहेर पडली, तेव्हा मला त्या पिशवीकडे बघवतही नव्हते आणि नजर काढवतही नव्हती.

तेव्हापासून मी विचार करते आहे. मी समजत होते, चांगुणाबाईचा जीव माझ्यात आहे. तो तिच्या तासात होता. मी त्या तासाला जाण्याची वाट होते, एवढेच. वाट बदलली आणि तिने तास सोडले नाही. ती शहाणी निघाली.

मित्रांनो, तुमच्या घरी नवे यंत्र येईल तेव्हा ते अवश्य आणा. त्याला तेल घाला, गंज चढू देऊ नका. पण त्याआधी ते काम कोणाच्या हातात होते आणि त्या हाताला काय मिळत होते, हे घरातल्या मोठ्यांना विचारा. तेवढे त्या हाताला पुन्हा मिळेल, अशी तजवीज करा. मग आम्हा जुन्यांना खुशाल चुलीत घातले तरी चालेल, असे मी आता म्हणायला हवे. ते माझ्याने म्हणवत नाही. मला भिंतीपाशी एवढीशी जागा असू द्या. आणि त्या पिवळ्या गाड्याला माझ्या शेजारी उभे करू नका.