डॉक्टरसाहेबांना काय होतंय?

बीडच्या सरकारी दवाखान्यात रोगी यायचा, बाकड्यावर बसायचा आणि मनगट पुढं करायचा. बस्स. काय होतंय, कुठं दुखतंय, यातलं एक अक्षर तो बोलायचा नाही. ते डॉक्टरनं नाडीवरून ओळखायचं. ओळखलं तर डॉक्टर खरा. नाही ओळखलं तर माणूस उठून सरळ पेठेतल्या हकिमाकडं. निजाम सरकार औषधं फुकट देत होतं, पण रोग्याचं तोंड उघडण्याची काही सोय त्यांनी केली नव्हती.

डॉक्टर सुंदरराव हे सगळं पुरतं ओळखून होते. कैक वर्षं ते या दवाखान्यात एकटे होते. मर्दाना विभाग तेच बघायचे, जनाना तेच, आणि चिरफाडीच्या खोलीतही तेच. मेहुणीच्या लग्नाला अक्षता खिशात घालून ते निघाले होते, तेवढ्यात दवाखान्यातून बोलावणं आलं आणि नवरानवरीच्या ऐवजी एका मोडलेल्या पायाचं तोंड बघून ते घरी आले होते. हैदराबादला अर्ज करून करून हात दुखले, तेव्हा कुठं सरकारला पाझर फुटला. नुकतेच पास झालेले दोन तरुण डॉक्टर शिकाऊ म्हणून आले. अट एकच होती. दसऱ्यानंतर औरंगाबादचे मोठे डॉक्टरसाहेब मुआयन्याला, म्हणजे तपासणीला येणार. पोरं तयार दिसली तर कायमची बीडला राहणार, नाही तर दोघंही परत आणि सुंदरराव पुन्हा एकटे.

पहिल्याच दिवशी गाडं अडलं. दोघांतला त्रिंबक औरंगाबादचा, चुणचुणीत, कोटाची सगळी बटणं लावणारा. त्याच्यापुढं दिंद्रुडचे उत्तरेश्वर पाटील बसले आणि त्यांनी मनगट पुढं केलं. त्रिंबकनं विचारलं, "काय होतंय तुम्हाला?"

पाटलांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "त्ये तुमी सांगायचं. मला ठावं असतं तर गाडी जुपून कशाला आलो असतो?"

"पण कुठं दुखतंय हे तरी..."

"चल रे," पाटील गाडीवानाला म्हणाले. "ह्येला काईच येत न्हाई."

त्या आठवड्यात हकिमाच्या दारात गाड्या मावेनात.

मग सुंदररावांनी दोघांना समोर बसवून खरी विद्या शिकवली. "हैदराबादची पुस्तकं ट्रंकेत ठेवा. मनगट रोग्याचं धरायचं आणि डोळे सोबत आलेल्या माणसावर ठेवायचे. रोगी दगड असतो, पण सोबत्याच्या पोटात काही राहत नाही. हळूहळू नावं घेत जायचं. डोकं, छाती, पोट. पोट म्हणताच सोबत्याची मान हलली की थांबायचं आणि 'पोट' असं ठासून सांगायचं. खोकल्याचं नाव काढलं आणि बायकोनं नवऱ्याकडं 'बघा, मी म्हणत नव्हते' असं बघितलं, की बिडी बंद करायला सांगायची."

त्रिंबकनं ही विद्या पटकन उचलली. महिन्याभरात तो डोळे अर्धे मिटून मनगट धरू लागला, मधेच "हं" म्हणू लागला. लोक म्हणाले, पोरगं लई गुणाचं हाय.

बद्रीनाथ मात्र बधला नाही. तो पाटोद्याचा, इथल्याच मातीतला, तरी जो येईल त्याला बेधडक विचारायचा, "काय होतंय?"

"अरे, तुला तर यांची रीत ठाऊक आहे ना?" सुंदरराव चिडले.

"ठाऊक हाय म्हणून तर विचारतो, साहेब. आमच्या चुलत्यानं वैद्यापुढं असंच मनगट धरलं. वैद्य म्हणला पित्त. चुलत्याच्या पाठीत एवढं काळपुळीचं गळू होतं, पण बोलला न्हाई. गेला."

सुंदररावांना ते पटलं. पण मोठे साहेब रोग्यांची गर्दी बघणार होते, चुलता नव्हे. त्यांनी ठरवून टाकलं की मुआयन्याच्या दिवशी त्रिंबक पुढं आणि बद्रीनाथ मागं, पट्ट्या गुंडाळायला.

रोगांबद्दल विचारताना दोघांनाही ते अजिबात सवलत देत नसत. चूक उत्तर कानावर पडलं की त्यांच्या अंगाची आग व्हायची. एकदा नमाजाला निघालेल्या कंपाउंडरला थांबवून त्यांनी त्रिंबकची चूक सांगितली होती, कारण ऐकायला दुसरं कुणी नव्हतं.

मुआयन्याच्या सकाळी आक्रीत झालं. चार दिवस कमरेत जी बारीक कळ येत होती, तिनं एकदम उचल खाल्ली. सुंदरराव भिंत धरून उभे राहिले. सांगावं तर मुआयना पुढं ढकलला जाणार, किंवा मास्तरच आजारी म्हणून पोरं परत जाणार. त्यांनी दात आवळले आणि फेटा नीट केला. साहेबांची बैलांची दमणी आली, सलाम झाले. त्यांना मर्दाना विभाग दाखवता दाखवता सुंदररावांनी "और यह..." म्हटलं आणि ते तिथंच खाली बसले.

त्यांना उचलून टेबलावर ठेवलं. खिडक्यांना माणसं लगडली. मोठे साहेब दाढी कुरवाळत म्हणाले, "इससे अच्छा मुआयना क्या होगा? मरीज भी आप, उस्ताद भी आप. शागिर्दों को देखने दीजिए."

 सांगून टाकावं असं सुंदररावांना मनापासून वाटलं. पण खिडकीत सगळं बीड उभं होतं, आणि खरं सांगायचं तर तोंड उघडेचना.  त्यांनी मुकाट्यानं मनगट पुढं केलं.

त्रिंबकनं ते धरलं, डोळे अर्धे मिटले आणि सोबत कोण आहे ते बघितलं. सत्यभामाबाई, म्हणजे सुंदररावांच्या पत्नी, घरून धावत आलेल्या होत्या.

"डोकं," त्रिंबक म्हणाला.

"अगबाई!" सत्यभामाबाई दचकल्या.

"छाती?"

"अगबाई, छाती!"

"पोट?"

"देवा!" त्यांनी पदर तोंडाला लावला. बिचारीला नवऱ्यानं काही सांगितलेलंच नव्हतं. तिला सगळंच खरं वाटत होतं. त्रिंबकच्या कपाळावर टपोरे थेंब जमले. "यांना," तो चाचरत म्हणाला, "सगळीकडंच दुखतंय."

खिडकीतून कुणीतरी च्यक्च्यक् केलं. साहेबांनी भुवया चढवल्या. संपलं, सुंदररावांना वाटलं. आता पुन्हा आपण एकटे.

मागून पट्ट्या बाजूला सारत बद्रीनाथ पुढं आला. "साहेब, काय होतंय तुमाला?"

सुंदररावांनी त्याच्याकडं असं बघितलं की दुसरा कुणी असता तर पळाला असता. बद्रीनाथनं त्यांची कूस चाचपली, पाठीकडून दाबली. सुंदररावांनी टेबलाची कड गच्च धरली पण हूं की चूं केलं नाही. बद्रीनाथ सरळ झाला आणि मोठ्या साहेबांना म्हणाला, "काई न्हाई, साहेब. वात धरलाय. सणाच्या करंज्या जास्त झाल्या असतील. एरंडेल पाजतो."

"वात?" टेबलावरून गर्जना झाली. "वात, गाढवा? कळ कमरेतून निघते आणि जांघेत उतरते, थांबून थांबून येते, कालपासून लघवी लाल आहे, आणि तू मला एरंडेल पाजतोस? हे शिकवलं मी तुला? मुतखडा आहे, मुतखडा!"

खिडकीतली माणसं एकमेकांकडं बघू लागली. मग सुंदररावांच्या लक्षात आलं की आपण बोललो.

"व्हय साहेब," बद्रीनाथ मान खाली घालून म्हणाला. "हात लावल्याबरोबर मलाबी तसंच वाटलं. पण तुमी सांगंनात. म्हणलं, आपलं चूक उत्तर साहेबांनी आजवर कदी खपवून घेतलं न्हाई."

मोठे साहेब पोट धरून हसले. तोवर "मुतखडा" शब्द ऐकताच त्रिंबकनं न सांगता मॉर्फियाची सुई भरली होती आणि कंपाउंडरला शेकायचं पाणी ठेवायला पिटाळलं होतं. साहेबांनी तेही बघितलं. "दोनों यहीं रहेंगे," ते म्हणाले. "आपको इनकी जरूरत है, सुंदरराव. आज तो बहुत ही जरूरत है."

संध्याकाळी सुंदरराव आपल्याच दवाखान्यातल्या खाटेवर पडले होते. दुखणं उतरलं होतं. पलीकडच्या खोलीत त्रिंबकचं "हं" ऐकू येत होतं. आपल्यावाचून काम चाललंय, याचा त्यांना इतका आनंद झाला की थोडा रागही आला.

"चार दिवस दुखत होतं," सत्यभामाबाई म्हणाल्या, "मला का नाही सांगितलं?"

सुंदररावांनी पांघरूण वर ओढलं. तेवढ्यात बद्रीनाथ आत आला, खाटेशेजारी बसला. मनगटाला त्यानं हातही लावला नाही.

"आता काय होतंय, साहेब?"

सकाळचं सोडलं तर इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता.  "कमर बरी आहे," सुंदरराव म्हणाले. मग थांबून म्हणाले, "पण गुडघा पावसाळ्यापासून कुरकुरतोय. डावा. दाढ ठणकते. जेवलं की छातीत जळजळतं. झोप तर लागतच नाही, बद्रीनाथ, कुणी हाक मारील असं वाटत राहतं. आणि हे बघ, इथं मानेत..."

बाहेर रोगी खोळंबले होते. त्रिंबकनं दोनदा दारातून डोकावून बघितलं. सुंदरराव बोलतच होते.