पाटीवरचा आकडा

सोमवारी सकाळी अकरा वाजता, कंपनीच्या तिसऱ्या मजल्यावरील बैठकीच्या खोलीत, औषधभांडाराच्या प्रमुख डॉक्टरीणबाईंसमोर, औषधांच्या शीतपेट्यांवर नजर ठेवणाऱ्या नव्या प्रणालीचे प्रात्यक्षिक सुरू झाले. हे काम मिळाले तरच कंपनी तगणार होती. पडद्यापाशी मेहुणा उभा होता. कोपऱ्यात हाताची घडी घालून दाजी. कंपनीची मालकीण ताई, एकाची थोरली बहीण आणि दुसऱ्याची बायको, दोघांच्या मधोमध बसली होती.

चार महिन्यांपूर्वी याच खोलीत दाजींनी बजावले होते, की शीतपेट्यांच्या तापमानाची मर्यादा ॲट्रिब्यूटमध्ये लिहू नये. ॲट्रिब्यूट म्हणजे कोडच्या तुकड्याच्या माथ्यावर ठोकलेली पाटी. तिच्यावरचा आकडा कंपायलरला, म्हणजे कोड तपासून यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या साधनाला, आधीच ठाऊक असावा लागतो, प्रोग्रॅम चालू असताना मिळणारी किंमत तिथे मुळीच चालत नाही. मेहुणा सर्वांदेखत म्हणाला होता, "दाजी, कशाला शिणता? तुमचं डोकं कधीच निवृत्त झालंय." खोली हसली. ताईही हसली. तिचे ते हसू दाजींच्या काळजात काट्यासारखे रुतून बसले.

उपाय त्यांनी त्याच आठवड्यात रचला: पाटीवर मर्यादेचे नुसते नाव, आकडा चालत्या प्रोग्रॅमने बाहेरून वाचायचा. कसून पारखला आणि कुणालाही न सांगता आपल्या संगणकात ठेवून दिला.

"मर्यादा आठ अंशांवरून सहावर आणा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण प्रणाली बंद न करता. आमच्याकडे ती रोज बदलते."

"एका ओळीचं तर काम." मेहुण्याने पाटीवरचा आठ खोडून तिथे बाहेरून आकडा आणणारी ओळ लिहिली. कंपायलरने ती तांबड्या रेघेने नाकारली. त्याने दुसऱ्या तऱ्हेने लिहिली, पुन्हा तेच. त्याचा आवाज खाली आला. "दाजी, जरा बघता का?"

"मी काय बघणार, बाबा? माझं डोकं निवृत्त झालंय."

डॉक्टरीणबाईंनी पिशवी उचलली. "आम्ही दुसरीकडे बघतो," म्हणाल्या आणि गेल्या.

मग दाजींनी सावकाश आपला संगणक उघडला, आपला उपाय घातलेला तोच प्रोग्रॅम चालवला आणि तो न थांबवता आठचे सहा करून दाखवले. मेहुण्याची मान खाली गेली. याच क्षणासाठी दाजी चार महिने तोंडाला कुलूप लावून बसले होते.

ताई पडद्याकडे बघत राहिली.

"हे तयार होतं?"

"केव्हाचं."

"चूक त्याची," ताई म्हणाली. "पण काम तुम्ही घालवलंत. उद्यापासून तुम्ही इथे यायचं नाही."