भोपळ्यात सापडलेला ताल

मित्रांनो, मी एक जुना बेरिंबाऊ, ब्राझीलचं एकतारी वाद्य आहे, आणि त्या दिवसाचा धक्का अजून माझ्या तारेतून गेलेला नाही.

माझं अंग साधं. बिरिबा झाडाच्या काठीचं धनुष्य, टाकाऊ टायरमधून उपसून काढलेली तार आणि खाली बांधलेला वाळका भोपळा. साल्वादोर शहरातल्या मेस्त्रे, म्हणजे उस्ताद, एवारिस्तोंनी मला घडवलं. भोपळ्याचं तोंड त्यांनी स्वतःच्या पोटाला लावून लावून कापलं, कारण वाजवताना ते पोटावर टेकवायचं आणि उचलायचं असतं. तसा आवाज मिटतो आणि उमलतो. एकतीस वर्षं कापोएराच्या, म्हणजे तालावर खेळायच्या झुंजीच्या, रिंगणात मी त्यांच्या उघड्या पोटाला बिलगून होतो. माझ्या तारेवर दांडगे गडी गिरक्या घेत. मी भलताच शेफारलो होतो, हे कबूल करतो.

पुढे मेस्त्रे लवकर दमू लागले. "वय झालं," म्हणत त्यांनी रिंगण सोडलं आणि मी दाराआड खिळ्याला लटकलो. तार गंजली. कोळ्यांनी भोपळ्यात संसार थाटला.

मग जुसारा आली. ही मेस्त्रेंची जुनी शिष्या, आता सिनेमाला तालवाद्यांचं संगीत देणारी. आमचे जुने ताल घ्यायचे आणि त्यात भलतेसलते आवाज मिसळायचे, ही तिची खोड. परातीत वाळू काय घोळवते, दारांच्या बिजागऱ्या काय कुरकुरवते! बुडालेल्या होडीवरच्या सिनेमासाठी तिला मेस्त्रेंचा हात हवा होता. तिने मला पुसलं, नवी तार चढवली आणि भोपळ्याच्या आत चक्क एक चिमुकला माईक चिकटवला.

"माझ्या भोपळ्यात हा पाहुणा कशाला, पोरी?" मेस्त्रे कुरकुरले.

"तुम्ही वाजवा हो. बाकी माझ्यावर सोडा."

दुसऱ्या दिवशी तिने ध्वनिमुद्रण ऐकवलं. तारेच्या खाली एक खोल ताल चालला होता. दोन ठोके, मग शांतता, मग तीन घाईघाईने. जुसारा नाचायचीच बाकी होती.

"मेस्त्रे, हा ताल अख्ख्या बाहिया प्रांतात कुणाकडे नाही! सगळा सिनेमा यावर उभा करते. कुठून आणलात?"

"मी नाही वाजवला हा."

"चला, थापा मारू नका! शिष्येपासून लपवता होय?"

"आईची शपथ, नाही."

तिने कानाला हेडफोन लावले आणि त्यांना भोपळा पोटापासून उचलायला लावला. ताल नाहीसा झाला. टेकवला, तर परत आला. पुन्हा उचलला. नाहीसा. जुसाराने तळवा त्यांच्या छातीवर ठेवला.

"मेस्त्रे, हे तुमचं काळीज आहे."

मी सुन्न झालो. मित्रांनो, तो ताल मी कित्येक वर्षं ऐकत होतो! मेस्त्रेंची खास लयकारी म्हणून मनात मिरवत होतो. इतक्या जवळ राहून मला कळू नये?

आणखी आठवडाभर उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी मेस्त्रेंच्या छातीत ठोके सांभाळणारं यंत्र बसवलं. जुसारा तो ताल सिनेमातून पुसायला निघाली, तेव्हा मेस्त्रे इस्पितळाच्या खाटेवरूनच उखडले. "राहू दे! बुडणाऱ्या होडीचाच आहे तो."

घरी परतल्यावर त्यांनी कानाला हेडफोन लावून मला पोटाशी धरलं. एकसारखे, सरळ ठोके.

"शी! किती नीरस ताल," मेस्त्रे तोंड वाकडं करून म्हणाले.

मित्रांनो, आमची धूळ पुसा, तारा बदला. पण आपल्या माणसाचा ठोका चुकला, तर माझ्यासारखी दाद देत बसू नका, विचारा. मी आता रोज सकाळी त्या नीरस तालाचीच वाट पाहत असतो.