दशांश मॅडमचा तराजू

मित्रांनो, मी एक जुना तराजू आहे. भाजीवाल्याच्या हातातला नव्हे बरं का! एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत, काचेच्या पेटीत बसून, दगडी ओट्यावर मी चौतीस वर्षं काढली. कागदाच्या कपट्यावर पेन्सिलीने तुमचं नाव लिहिलंत, तर त्या नावाचंही वजन मी सांगू शकतो. हा डौल मला शोभतो, कारण ज्या कारागिराने मला घडवलं त्याचा हातच तसा होता. माझी पितळी दांडी अकीक नावाच्या कठीण दगडाच्या धारेवर टेकवताना तो श्वास रोखून धरायचा. काम संपल्यावर त्याने मला मऊ कापडात गुंडाळलं आणि पेटीवर लिहिलं, "जपून." त्याचे माझ्यावर पहिले उपकार.

दुसरे उपकार प्रयोगशाळेच्या मामांचे. मामा तिथले शिपाई. रोज सकाळी येऊन ते बारीक कुंचल्याने माझी पारडी झाडत, काच पुसत आणि ओल शोषणारे दाणे बदलत. वजन करताना कुणी तोंड फार जवळ आणलं की ओरडत, "अगं ए, श्वास सोडू नकोस त्याच्या अंगावर, सर्दी होते त्याला!" मुलं हसत आणि मागे सरकत.

मग एका वर्षी मॅडम आल्या. त्यांची नेमणूक कायमची नव्हती. दर वर्षी नवं पत्र निघे, तेव्हा त्यांचं पुढचं वर्ष नक्की होई. मॅडमचा नियम एकच होता. कोणतीही वस्तू तीनदा तोलायची, आणि तिन्ही वेळा चौथ्या दशांश स्थळापर्यंत आकडा जुळला पाहिजे. नाही जुळला तर पुन्हा पहिल्यापासून. मुलांनी त्यांचं नाव ठेवलं दशांश मॅडम. प्रात्यक्षिकाला त्या दहापैकी साडेपाच देत, सहा देत. सात मिळाले तर पोरं वर्गाला चहा पाजत.

शेजारच्या विभागात एक सर होते. ते सर्वांना नऊ देत. त्यांचं नाव पडलं दयाळू सर. माणूस खरोखरच चांगला होता. "पोरांना नोकऱ्या लागू देत हो, शिकतील तिथे जाऊन," असं ते मनापासून म्हणत.

पुढे कॉलेजात नवी पद्धत आली. सत्र संपताना विद्यार्थ्यांनी शिक्षकांना गुण द्यायचे. कागदावर दहा प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच गुण, खाली सूचनेसाठी चार ओळी. नाव लिहायचं नाही. प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी सगळे हजर असत, म्हणून हे कागद माझ्याच खोलीत भरले जात. माझ्या ओट्यावर कागद ठेवून मुलं इतकी दाबून लिहीत की माझा काटा थरथरे. कुणी लिहिलं, "मॅडमना विषय येतो, माणुसकी येत नाही." कुणी लिहिलं, "चौथ्या दशांशाने नोकरी मिळते का?"

हा प्रश्न मला आजही खोटा वाटत नाही. पंचाहत्तर टक्क्यांच्या खालच्या मुलांना कंपन्या मुलाखतीला बोलवतच नव्हत्या. दयाळू सरांची मुलं इस्त्रीचे कपडे घालून मुलाखतीला जात आणि आमची मुलं सूचना फलकासमोर यादी वरून खाली आणि खालून वर वाचत राहत.

मॅडमना पाचपैकी दोन पूर्णांक तीन मिळाले. एका दुपारी प्राचार्य स्वतः माझ्या खोलीत आले. तिथे शांतता असे.

"मॅडम, तुमच्या शिकवण्याबद्दल मला शंका नाही. पण हा आकडा मी वर कोणत्या तोंडाने दाखवू?"

"आकडा बरोबरच असेल सर. मुलं खरंच चिडली आहेत माझ्यावर."

"थट्टा नको. तुमचं पत्र दर वर्षी नवं निघतं, हे विसरू नका. आणि मुलांचंही बघा जरा. गुण काय आपल्या घरून द्यायचे असतात?"

मॅडमच्या घरी अंथरुणाला खिळलेले सासरे होते, दोन शाळकरी मुली होत्या आणि कमावणाऱ्या त्या एकट्याच होत्या. हे त्यांनी एकदा मामांना सांगितलं होतं, तेव्हा मी ऐकलं होतं. पुढच्या सत्राच्या शेवटी, परीक्षेच्या आधी, त्या प्रयोगवह्यांचा ढीग घेऊन माझ्याजवळ बसल्या आणि नऊ, नऊ, साडेआठ, नऊ असे गुण देत सुटल्या.

मामांनी दारातून विचारलं, "मॅडम, आज एकाही वहीवर थांबला नाहीत?"

"नाही मामा. आज काही अडतच नाहीये."

त्या वर्षी मॅडमना चार पूर्णांक सात मिळाले. समारंभात गुच्छ मिळाला, प्राचार्यांनी पाठ थोपटली आणि पुढच्या वर्षाचं पत्रही वेळेवर आलं. आमच्या मुलांना मुलाखतीची बोलावणी आली. वर्गातली एक मुलगी औषधांच्या कारखान्यात, तपासणी विभागात लागली. मामा तिला घाईबाई म्हणत, कारण तिला थांबणं म्हणून ठाऊक नव्हतं. भट्टीतून काढलेलं गरम भांडं ती तसंच माझ्या पारड्यात ठेवी आणि काटा स्थिर होण्याआधी आकडा लिहून मोकळी होई. कधी तर शेजारणीच्या वहीतला आकडा उतरवी. मला सगळं दिसत होतं, पण तराजूला तोंड कुठे असतं!

चौथ्या आठवड्यात घाईबाई परत आली. मॅडम एकट्याच होत्या.

"मॅडम, मला काढलं."

"काढलं? का गं?"

"मी केलेलं वजन आणि तिथल्या अनुभवी ताईंनी केलेलं वजन जुळेना. तीनदा झालं असं. माझ्यामुळे अख्खा माल अडकून पडला. साहेब म्हणाले, गुणपत्रिकेत नऊ आणि हातात शून्य." तिचा आवाज चढला. "तुम्ही मला नऊ का दिलेत? मला येत नाही, हे तुम्हाला माहीत होतं ना?"

मॅडमनी चष्मा काढून ओट्यावर ठेवला. "होतं."

"मग?"

"भीती वाटली गं. नोकरी जाईल याची."

"म्हणजे तुमची राहिली आणि माझी गेली!"

मित्रांनो, मी आयुष्यभर वजनं केली, पण त्या वाक्याइतकं जड काही माझ्यासमोर आलं नाही. मॅडमनी सबब सांगितली नाही, की "मोठ्यांशी असं बोलतात का?" असंही म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, "चुकलं माझं. उद्यापासून येतेस? तीन वाजता माझा तास संपतो."

"येऊन काय होणार?"

"हात तयार होईल. बाकीचं वचन मी देऊ शकत नाही."

घाईबाई पाय आपटत गेली. दुसऱ्या दिवशी तीनच्या आधी दारात हजर.

पहिला धडा गरम भांड्याचा. "गरम भांडं हलकं भरतं," मॅडम म्हणाल्या. "भोवतीची हवा तापून वर चढते आणि त्याला उचलून धरते. गार होऊ दे."

"किती वेळ?"

"अर्धा तास."

"अर्धा तास नुसतं बसू?"

"नुसती कशाला? मामांशी गप्पा मार."

मामांना काय, तेच हवं होतं! सात आठवडे हे चाललं. आधी घाईबाईच्या आकड्यांना तिसऱ्या स्थळालाच फाटे फुटत. हळूहळू तिने दार अलगद लावायला, चिमट्याने वजनं धरायला आणि मुख्य म्हणजे माझी वाट पाहायला शिकून घेतलं. एके दिवशी तिन्ही आकडे चौथ्या स्थळापर्यंत तंतोतंत जुळले. ती एवढ्याने किंचाळली की माझी पारडी हलली आणि मामा लटक्या रागाने धावून आले.

मॅडमनी कागदावर लिहिलं, सात.

"सातच?"

"हात सातचा झालाय. उगाच आठ कशाला देऊ?"

घाईबाई हसली. तो कागद तिने घडी करून ठेवून दिला. पुढे पाण्याची तपासणी करणाऱ्या एका लहानशा प्रयोगशाळेत तिला काम मिळालं. आधीच्या नोकरीतून का काढलं, हे तिने तिथे स्वतःहून सांगितलं होतं म्हणे.

त्या वर्षापासून मॅडमनी पुन्हा खरे गुण द्यायला सुरुवात केली. पण एक बदल केला. रोज दुपारी तीन ते पाच माझी खोली उघडी. ज्याला वाटेल त्याने यावं, हवं तितक्या वेळा तोलावं, आणि शेवटी जो हात तयार होईल त्याचे गुण घ्यावेत. सहाचे आठ झालेली मुलं मी पाहिली. काही दिवसांनी दयाळू सरही आपली मुलं घेऊन आले आणि मामांच्या नकळत स्वतःही दोनदा तोलून गेले.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. एका मुलीचे दोन टक्के कमी पडले आणि तिचं मुलाखतीचं बोलावणं हुकलं. मॅडमनी दोन दिवस जेवणाचा डबा उघडला नाही. विद्यार्थ्यांकडून त्यांना त्या वर्षी मिळाले तीन पूर्णांक एक. प्राचार्य सुस्कारा टाकून म्हणाले, "एक वर्ष देतो मॅडम. फक्त एकच." असं फक्त एकच वर्ष त्यांनी अकरा वेळा दिलं. त्यांचेही आभारच मानायला हवेत.

मग विजेचे तराजू आले. डोळ्यांसमोर झटकन आकडे उजळू लागले. माझ्यावर मामांच्या मंडळींनी शिवलेला कापडी बुरखा चढला आणि मी कोपऱ्यात गेलो. मामा निवृत्त झाले. धूळ साचली. दोन वर्षं मला कुणी विचारलं नाही. ते दिवस फार लांबले.

एके सकाळी बुरखा उचलला गेला, तर समोर घाईबाई! आता ती एका मोठ्या तपासणी प्रयोगशाळेची विभागप्रमुख होती आणि नोकरीसाठी मुलं निवडायला आली होती. आपल्या साहेबांशी भांडून तिने आमच्या कॉलेजपुरती पंचाहत्तरची अट साठावर आणली होती. साहेबांनी घातलेली अट एवढीच, की निवड चुकली तर जबाबदारी तिची.

"हा जुना चालतो अजून?" तिने विचारलं.

"पुसला तर चालेल," मॅडम म्हणाल्या. दोघींनी मिळून मला पुसलं.

चौदा मुलांनी माझ्यावर तोलून दाखवलं. तिने चौघांना निवडलं. त्यांत अठ्ठ्याऐंशी टक्केवाली एक होती आणि एकसष्टवालाही एक होता. एकसष्टवाल्याने आकडा जुळला नाही तेव्हा "जुळत नाहीये, पुन्हा करतो" असं सांगितलं होतं. बाकीच्या दहा जणांची तोंडं उतरली. प्रत्येकाजवळ जाऊन घाईबाईने त्याचं काय चुकलं ते सांगितलं.

सगळे गेल्यावर मॅडमनी हळूच विचारलं, "मला तू तेव्हा शिक्षकांना गुण द्यायच्या कागदावर किती दिले होतेस गं?"

"सगळीकडे पाच. नऊ गुण मिळाले होते ना!"

"आणि आज किती देशील?"

घाईबाईने चांगला विचार केला. "चार. एक कापला. अजूनही तुम्ही फळ्याकडे तोंड करून शिकवता म्हणे, मागच्यांना काही ऐकू जात नाही."

मॅडम इतक्या हसल्या की त्यांना डोळे पुसावे लागले. दुसऱ्या दिवशी तासाला त्या वर्गाकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

मित्रांनो, तुमच्याही हाती कधीतरी असा कागद येईल. रागाने भरू नका आणि लाडीगोडीनेही भरू नका. जे खरं असेल ते लिहा, आणि जमलं तर समोर जाऊन बोला. सुधारू पाहणारी माणसं त्याचीच वाट पाहत असतात. माझं म्हणाल, तर मला आता खिडकीजवळ जागा दिली आहे आणि दुपारी तीनला मुलं येतात. जाताना तेवढं माझं काचेचं दार लावून घ्या.