दात वाचवणाऱ्या बाईंची खुर्ची

साहेब, तुम्ही खोटं बोललात. काल दवाखान्याच्या दारात उभं राहून, रांगेतल्या सगळ्यांच्या देखत तुम्ही माझ्याकडे बोट दाखवलंत आणि म्हणालात, "ही खुर्ची मोडकी आहे, गोदामात टाका." मी मोडकी नाही. पायाचा पंप मारला की आजही मी वर जाते, कळ दाबली की अलगद खाली येते. माझ्यावर बसून तरी बघायचं होतं. पण तुम्ही उंबरठा ओलांडला नाहीत. आत आलेल्या माणसाला आमच्या बाई आधी तोंड उघडायला लावतात, हे तुम्हाला कुणीतरी सांगितलं असणार.

मित्रांनो, मी दातांच्या फुकट दवाखान्यातली जुनी खुर्ची आहे. माझं बूड ओतीव लोखंडाचं. डोक्यावर दिवा, एका बाजूला चूळ टाकायचं भांडं, दुसऱ्या बाजूला दात कोरायचं यंत्र. कारखान्यातून निघाले तेव्हा माझी गादी हिरवी होती आणि अंगात रुबाब होता. मला वाटलं होतं, एखाद्या थंडगार काचेच्या खोलीत जाईन. आले ते इथे. पोपडे धरलेल्या भिंती, एकच खिडकी, आणि दाराबाहेर गाल धरून बसलेली माणसं.

आता थकले आहे, हे कबूल करते. माझ्या दोन्ही हातांवर नखांचे ओरखडे आहेत. इथे येणारा प्रत्येक जण भीतीने मलाच घट्ट धरतो. बाई सांगतात, "दुखलं तर डावा हात वर करा." लोक बाईंनी आरसा उचलायच्या आतच हात वर करतात. बाई म्हणतात, "अहो, अजून मी दिवासुद्धा लावला नाही." मग माणूस ओशाळून हसतो, आणि हसला की तोंड आपोआप उघडतं. बाईंचं अर्धं काम तिथेच होतं.

बाईंना सगळा परिसर 'दातवाल्या बाई' म्हणतो. शिकून आल्या तेव्हा त्यांची वेणी काळीभोर होती. आता केस कापसासारखे झालेत. त्यांनी स्वतःचा दवाखाना काढला नाही. सुट्टीच्या दिवशी त्या खडी फोडणाऱ्यांच्या वस्तीवर जातात. मी जड, मला कोण नेणार? तिथे उलट्या घमेल्यावर माणूस बसवून त्या दात तपासतात. मला त्या घमेल्याचा हेवा वाटतो.

सुरुवातीला इथे फक्त दात उपटले जात. बाहेरच्या पाटीवर रंगाऱ्याने लिहिलं होतं, 'येथे दात काढले जातात.' शाळेतली पोरं पाटीखाली उभी राहून बत्तिशी दाखवायची आणि म्हणायची, "बाई, आम्ही पण काढतो, फुकट." बाई हसायच्या. पण हसता हसता एक दिवस त्यांना ती पाटी बोचली. उपटायला सगळे तयार, वाचवायला कुणी नाही. त्यांनी स्वतः स्टुलावर चढून ती ओळ पुसली आणि लिहिलं, 'आधी दात वाचवू. नाहीच जमलं तर काढू.' अक्षर वाकडं आलं. रंगारी महिनाभर रुसला.

वाचवायचं म्हणजे शिकायला हवं. दाताच्या आतली नस साफ करून दात जागेवर ठेवायची नवी पद्धत आली, तेव्हा बाई पांढऱ्या केसांनी पोरापोरींच्या वर्गात जाऊन बसल्या. वर्गातून इथे परतल्यावरही सराव चालायचा. काढलेले दात प्लास्टरमध्ये रोवायचे आणि भिंग लावून कोरत बसायचं. त्यांची भाची एकदा डबा द्यायला आली आणि म्हणाली, "आत्या, या वयात लोक नातवंडं सांभाळतात. तू मेलेले दात सांभाळतेस." बाई मान वर न करता म्हणाल्या, "नातवंडं ऐकत नाहीत गं. हे गप्प बसतात."

आमच्याकडे एक मावशी आहे. झाडू, भांडी, रांग, सगळं तिच्याकडे. ती ओरडते, "पुढचा कोण? ये बाबा, इथे कुणी तुला खात नाही. तू खाल्लंस म्हणून तर आलायस." बाई, मावशी आणि मी. तिघींची कंबर एकाच सुमाराला दुखायला लागली.

आता ज्याच्यासाठी मी तोंड उघडलं ते सांगते. मागच्या आठवड्यात एक बाजेवाला आला. ट्रम्पेट वाजवतो. वरचा पुढचा दात आतून कुजलेला, ओठ सुजून टम्म.

"बाई, काढून टाका एकदाचा," तो म्हणाला.

"काढला तर वाजवणार कसं?"

"फुंकायला ओठ लागतात. दात कशाला?"

"ओठाला टेकायला भिंत नको का? भिंत पाडली की ओठ आत जातो. मग फुंकर मारा, नाहीतर शीळ घाला, सूर काही लागायचा नाही."

त्याने माझा हात दाबून धरला. मग हळूच म्हणाला, "मला दुसरं काही येत नाही, बाई. वाचवा."

बाईंनी दात कोरला, पू काढला, आत औषध भरलं आणि वर कच्चं बूच बसवलं. म्हणाल्या, "बुधवारी या. आतून पुन्हा साफ करून पक्कं भरू. तोवर या दाताने चावायचं नाही आणि वाजवायचं नाही."

"चावणार नाही," तो म्हणाला. दुसऱ्या गोष्टीचं वचन त्याने दिलं नाही.

आणि काल वरून तुम्ही दवाखान्याच्या तपासणीला आलात, साहेब.

"बाई, एकेका माणसाला परत परत बोलावता. रांग रस्त्यावर जाते. दात काढा आणि मोकळे व्हा. काढायला साधी खुर्ची पुरते, हे यंत्रबिंत्र कशाला हवं?"

बाई हात धूत होत्या. म्हणाल्या, "साहेब, बोलताना तुमच्या दाढेवरची टोपी दिसली. छान बसवली आहे. दाढ काढली नाहीत वाटतं?"

"का काढू? माझी दाढ आहे."

"यांचीही यांचीच आहे."

रांगेतून कुणीतरी खाकरलं. मावशी भांडी आदळत पुटपुटली, "दाढेला टोपी घातली ती घातली, आता आम्हालाही घालतायत." तेव्हा तुमचा चेहरा उतरला आणि तेव्हाच तुम्हाला मी मोडकी दिसले. त्याआधी दिसले नव्हते.

तुम्ही गेल्यावर बाई माझ्यावर येऊन बसल्या. इतक्या वर्षांत त्या माझ्यावर क्वचितच बसल्या असतील. मावशीला म्हणाल्या, "थकले गं. दातांनी नाही थकवलं." मावशीने त्यांच्या डोळ्यांवर येणारा माझा दिवा बाजूला वळवला.

मित्रांनो, जुनी वस्तू फेकू नका, तिला तेलपाणी करा, हे मी सांगायला हवं, आणि सांगतेच. दात रोज घासा, हेही सांगते. पण तुम्ही कितीही घासलेत तरी वाचवण्याजोगा दात कुणी नुसता उपटायचा ठरवला, तर तुमचा ब्रश काय करणार?

मंगळवारी माणसं मला उचलायला येणार आहेत. बुधवारी सकाळी तो बाजेवाला येईल. कच्चं बूच फार दिवस टिकत नाही. आत पुन्हा पू धरेल. मग त्याला साध्या खुर्चीवर बसवून चिमट्याने तो दात ओढायचा, असंच तुमचं म्हणणं आहे ना? तर बाईंना पुढे करू नका, साहेब. तुम्ही या. त्याच्यासमोर उभे राहा आणि तुमच्या तोंडाने त्याला सांगा: तुमची दाढ वाचवण्याच्या लायकीची होती, मग त्याचा दात का नाही? रांगेची सबब नको. माझ्या वयाची तर नकोच.

उत्तर द्या.