फर्नेत प्यायलेला तुंबा

मी एक जुना तुंबा आहे. आमच्या कोर्दोबा शहरात मला 'माते' म्हणतात, आणि माझ्यात भरून, वर गरम पाणी ओतून नळीनं पितात त्या कडू पाल्यालाही तेच नाव. विद्यापीठातल्या मुलांची मनं सांभाळणाऱ्या नेलिदाताईंच्या टेबलावर माझा मुक्काम असतो.

मित्रांनो, वेलीवरून उतरलो तेव्हा मी काही कामाचा नव्हतो. ताईंच्या आईनं माझं पोट कोरलं, ओला पाला भरून तीन दिवस मुरवलं, खरवडलं, उन्हात वाळवलं. तेव्हापासून एक खोड जडली. पोटात पडेल त्याची चव मी धरून ठेवतो.

आमच्याकडे जो पाणी ओततो तो पहिला तुंबा स्वतः पितो, मग भरून पुढच्याला देतो. नळी सगळ्यांची एकच. रिकामा तुंबा परत देताना कुणी आभार मानले, की समजायचं, याला आता नको. न बोलता दिला, की पुन्हा भरायचा.

"हातात धरायला काही मिळालं, की मुलं बोलतात," असं ताई म्हणत. ते ऐकून मी फुगायचो. भोपळ्यानं आणखी किती फुगावं!

आयलेन वीस वर्षांची. लांबच्या गावाहून शिकायला आलेली. आठवडाभर तिला अंथरुणातून उठवत नसे, आणि शुक्रवारी प्यायला बसली की शुद्ध हरपेपर्यंत. दोन महिने ती येत होती. एकदा ताईंनी मलाच तिच्या हाती दिलं.

"पंधरा दिवस ने याला. रोज उठून भरायचा, धुवायचा, वाळवायचा. बाकी काही नाही जमलं तरी चालेल."

"आणि हेही नाही जमलं तर?"

"तर तसं येऊन सांगायचं."

नऊ दिवस तिनं मला नीट सांभाळलं. दहाव्या दिवशी, शुक्रवारी, निकाल लागला. ती नापास झाली होती. मोरीत भांड्यांचा ढीग, एकही पेला धुतलेला नाही. तिनं माझ्यात फर्नेत ओतली. काळी, कडू दारू, वरून कोला. आमच्याकडे फर्नेत कापलेल्या बाटलीतून चारचौघांत फिरवतात. पण मातेत? आमच्या कुळात असं कधी घडलं नव्हतं! मग चार दिवस मी मोरीत पडून होतो आणि ती अंथरुणात.

पंधराव्या दिवशी मला परत द्यायला येताना बसमध्ये ती पुटपुटत होती, "द्यायचा, आभार मानायचे, निघायचं. पुन्हा यायचं नाही."

"काय, जमलं का?" ताईंनी विचारलं.

"हो ताई. दारूचा एक थेंब नाही. रोज मातेच."

ताईंनी मला भरलं. रिवाजाप्रमाणे आधी स्वतः प्यायल्या. भुवई जराशी हलली. पुन्हा भरून त्यांनी मला आयलेनला दिलं. पहिल्याच घोटाला तिचा चेहरा उतरला.

"तुम्हाला कळलं."

"पोरी, मी इथलीच. फर्नेत मला झोपेतही ओळखता येते."

"मग रागवा ना!"

"रागावलेच आहे. मातेत फर्नेत! माझ्या आईनं पाहिलं असतं तर उंबऱ्यावरूनच हाकलली असती तुला."

आयलेन हसली, आणि हसता हसता रडायला लागली. "पेला धुवायचंही बळ नव्हतं, ताई. वाटलं, उठूच नये कधी."

ताईंनी किटली खाली ठेवली. "सरळ विचारते. जीव द्यायचं मनात आलं होतं?"

"...आलं होतं. आता त्याचीच भीती वाटते."

"सांगितलंस, फार बरं केलंस. आज एकटी घरी जायचं नाही. आधी डॉक्टरांकडे, मी आहे बरोबर. तिथूनच तुझ्या आईला फोन करू."

आयलेननं उरलेलं पाणी संपवलं. मी आभाराच्या त्या एका शब्दाच्या धास्तीत होतो. तिचे ओठ उघडले, मिटले. तिनं मला ताईंच्या हातात ठेवलं. न बोलता.

ताईंनी मला पुन्हा भरलं.

मला नंतर आयलेननंच पुन्हा मुरवलं, खरवडलं, वाळवलं. ती अजून येते. एकदा घसरली, तेव्हा स्वतःहून सांगायला आली. माझ्या पहिल्या घोटाला आजही किंचित फर्नेतचा वास येतो, आणि तरी माझी जागा टेबलावरच आहे. तेव्हा मित्रांनो, डागाळलेला तुंबा फेकू नका, त्याला पुन्हा ऊन दाखवा. आणि स्वतः कधी रिकामे झालात, तर आभार मानून उठायची घाई करू नका.