बाबांच्या कानांवरचा हेडफोन

मित्रांनो, माझं काम ऐकण्याचं, त्यामुळे बोलायची मला सवय नाही. सांगताना मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या. मी एक हेडफोन आहे. तोंडाशी माइकची दांडी असलेला, वायरवाला, आणि आता पुष्कळ वापरलेला. माझ्या कानांच्या गाद्यांचं काळं आवरण सोलून निघालं आहे. डावा सांधा चिकटपट्टीने बांधला आहे. तरी ऐकू मात्र मला अजून पहिल्यासारखंच येतं.

माझा जन्म कुठल्या गावात झाला ते मला ठाऊक नाही. एवढंच आठवतं, की एका लांबलचक टेबलाशी बसलेल्या माणसाने मला क्षणभर डोक्यावर घातलं, एक बारीक शिट्टी ऐकली, मान हलवली आणि खोक्यात बंद केलं. पुढचे कित्येक महिने अंधार होता. खोकं उघडलं ते आंबिवलीला, एका दोन खोल्यांच्या घरात. कल्याणच्या दुकानातून मला रमाबाईंनी आणलं होतं. त्या अंगणवाडीत शिकवायच्या. मुलगा सिद्धेश याच्या वाढदिवसाची मी भेट होतो.

"तो बंदुकांचा आवाज घरभर नको बाबा," त्या हसून म्हणाल्या. "हे घाल कानात आणि खेळ काय खेळायचं ते."

सिद्धेश कामावरून आला की मला घालून बसायचा. त्याचा आवडता खेळ फार अवघड होता. एका ओसाड शहरात पाठीवर पिशवी घेऊन उतरायचं, पडक्या इमारतींतून सामान गोळा करायचं आणि अर्ध्या तासाच्या आत ठरलेल्या दारांपैकी एखाद्या दारातून बाहेर पडायचं. शहरात इतर खेळाडूही हिंडत असत. कोणी गोळी घातली, तर पिशवीत जमवलेलं आणि घरून नेलेलं सगळं जायचं. या खेळात डोळ्यांइतकेच कान लागतात. दूरच्या जिन्यावर पाऊल पडलं, काच चुरली, दार करकरलं, ते मी सिद्धेशला सांगायचो. तो माझं कौतुक करायचा. "हा हेडफोन आहे म्हणून मी जगतो," असं मित्रांना सांगायचा. मला त्याचा अभिमान वाटायचा.

माझ्या गाद्या कानांवर घट्ट बसत. बाहेरचा आवाज आत येऊ द्यायचा नाही, हा माझा गुण म्हणून खोक्यावर छापलेला होता.

एका रविवारी सकाळी रमाबाई मोरीत पडल्या. त्यांनी हाक मारली असेल. सिद्धेश बाहेरच्या खोलीत मला घालून बसला होता. बाबा भाजी घेऊन घरी आले तेव्हा त्यांना त्या दिसल्या. मेंदूत रक्तस्राव झाला होता. लवकर कळलं असतं तरी उपयोग झाला नसता, असं डॉक्टर म्हणाले. ते खरं होतं की समजूत काढण्यासाठी होतं, हे कोणालाच कळलं नाही.

दिवसकार्य झाल्यावर पाहुणे गेले. बाबा, म्हणजे सिद्धेशचे वडील कुंडलिक, भिंतीला टेकून बसले होते. ते सावकाश म्हणाले, "ती हाका मारत होती आणि तू कान बंद करून बसलेलास."

आठवड्याभरात सिद्धेशने ठाण्यात माजिवड्याला भाड्याची खोली घेतली. कॉम्प्युटर ठेवून गेला, मला ठेवून गेला. बाप-लेकाचं बोलणं थांबलं. घराच्या इंटरनेटची लाइन मात्र त्याने चालू ठेवली होती, का ते मला माहीत नाही.

मी दोन वर्षं खिळ्याला लटकत होतो. माझ्यावर धूळ बसली. घरात आवाज उरले ते प्रेशर कुकरच्या दोन शिट्ट्यांचे आणि बाबांच्या खोकल्याचे. ज्याचा जन्म ऐकण्यासाठी झाला, त्याला ऐकायला काहीच नसणं काय असतं, ते मी तेव्हा शिकलो.

एके दुपारी बाबांनी रमाबाईंचे फोटो बघायला कॉम्प्युटर लावला. फोटो पाहून झाले. मग ते बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. त्यांनी मला खिळ्यावरून काढलं, बनियनने पुसलं आणि आपल्या कानांवर ठेवलं. खेळ सिद्धेशच्याच नावाने उघडला. मुलगा इतकी वर्षं कुठे जाऊन बसत होता, ते त्यांना बघायचं असावं.

पडद्याशेजारी भिंतीवर वहीचा एक कागद चिकटवलेला होता. सिद्धेशने तो कधीकाळी बंटी नावाच्या मित्राला खेळ शिकवताना लिहिला होता. बाबांनी चष्मा लावून तो वाचला. 'उतरलास की पहिलं बाहेर पडायचं दार कुठंय ते बघ. चांगली बंदूक घरी ठेव, हरवली तरी चालेल तेवढंच ने. पळू नको, पळणाऱ्याची पावलं लांब ऐकू जातात. कोणी मेलेला दिसला तर त्याच्या पिशवीवर झडप घालू नको, मारणारा बाजूलाच बसलेला असतो. थोडं मिळालं तरी निघ.'

वाचणं वेगळं आणि करणं वेगळं. पहिले पंधरा दिवस बाबा रोज मरत होते. सिद्धेशने जमवलेल्या चांगल्या चांगल्या बंदुका त्यांनी चार दिवसांत घालवल्या. ते मैदानाच्या मधोमध चालायचे. खिडकीत उभे राहून बाहेरचा देखावा बघायचे. मी कानाशी ओरडून सांगत होतो, डावीकडे जिन्यावर कोणीतरी आहे. पण त्यांना माझी भाषा येत नव्हती.

हळूहळू ती येऊ लागली. ते भिंतीच्या कडेने चालायला लागले. दार उघडण्यापूर्वी थांबून ऐकायला लागले. एकदा एका पडक्या खोलीत ते कोपरा धरून बसले असताना मी त्यांना पावलं ऐकवली. पावलं जवळ आली, दाराशी थांबली. या खेळात जवळ असलेल्या खेळाडूशी माइकवरून बोलता येतं. बाबांना गोळी झाडायचं सुचलं नाही. त्यांच्या तोंडून सवयीने निघालं, "जय भीम."

पलीकडून एका बाईचा हसरा आवाज आला. "जय भीम, काका. गोळी नका मारू, माझ्याकडे पण काही नाहीये."

तिचं नाव दक्षता. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातली. नौपाड्यात एका दवाखान्यात रिसेप्शनला होती. दवाखाना एक ते पाच बंद असायचा आणि ती तेवढ्या वेळात घरी येऊन खेळायची. आई गेल्यापासून घरात ती एकटीच होती. त्या दिवसापासून दोघं गट करून रोज दुपारी एकत्र उतरू लागले; गटातल्यांना खेळात मेल्यावरही एकमेकांचं बोलणं ऐकू येतं.

दक्षताने बाबांना पुष्कळ शिकवलं. "काका, एकच शहर धरा, रोज नवीन नको. रस्ते पाठ झाले की अर्धी भीती जाते." "जखमेला पट्टी बांधायची तर आधी आडोशाला जा, उघड्यावर नाही." "काका, पिशवी भरली ना? मग चला आता. अजून एक खोली, अजून एक खोली करत माणूस मरतो."

बाबांनीही तिला एक गोष्ट शिकवली. त्या शहरात एक बंद पडलेला कारखाना होता. आत गेलेला माणूस समोरच्या दारानेच बाहेर येणार, म्हणून लोक तिथे टपून बसत. बाबांनी तीस वर्षं कारखान्यात काढली होती, आणि त्यांचाही कारखाना असाच बंद पडला होता. ते म्हणाले, "बॉयलर आहे ना? मग राख काढायला मागनं दार असणारच. चल माझ्याबरोबर." दार खरंच होतं. दक्षता कितीतरी वेळ हसत होती. त्या दिवशी बाबांनी कुकर लावताना गुणगुणल्याचं मी ऐकलं.

मुलाबद्दल ते फार बोलत नसत. एकदाच तिने विचारलं, "काका, हे अकाउंट कोणाचं? नाव तर सिद्धू आंबिवली आहे."

"मुलाचं," बाबा म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "चार-चार हाका मारायचो त्याला जेवायला. बाजूला बसून एकदा बघायला पाहिजे होतं, काय करतो ते. नाही बघितलं."

"मग फोन करा की."

"काय बोलू? जे बोललेलो, ते परत घेता येत नाही."

मित्रांनो, आता पुढचं सांगतो. ती एक मंगळवारची दुपार होती. दोघांच्या पिशव्या भरल्या होत्या. बाहेर पडायचं दार समोर होतं. दक्षता म्हणाली, "काका, चला, तीनच मिनिटं उरलीत."

"हो," बाबा म्हणाले. "तो चमचा... चमचा पुढं घे, मी येतो."

"काय घेऊ?"

"चम... तो..." त्यांचा आवाज जड झाला होता. शब्द एकमेकांत मिसळत होते. माउस हातातून सुटून जमिनीवर पडला, तो आवाज माझ्या माइकने तिला ऐकवला.

तिने हसण्यावारी नेलं नाही. दवाखान्यात बसून तिने लकव्याचा झटका आलेल्या एका पेशंटचं असं बोलणं पूर्वी ऐकलं होतं. "काका, तुमचं पूर्ण नाव सांगा," ती म्हणाली. बाबा कु, कु, एवढंच म्हणू शकले. मग ते खुर्चीवरून घसरले. मी त्यांच्या डोक्यावरच होतो. माझा डावा सांधा तेव्हाच मोडला.

दक्षताकडे ना त्यांचा पत्ता होता ना फोन नंबर. आंबिवलीत असले कुंडलिककाका कितीतरी असतील. पण अकाउंट सिद्धेशचं होतं, आणि त्याच्या जुन्या मित्रांची नावं तिला दिसत होती. तिने एकेकाला निरोप धाडला. टाइप करता करता ती माझ्यातून बोलत राहिली. "काका, मी आहे इथे. डोळे मिटू नका. मी कुठे जात नाही."

खेळात ती दारापासून दहा पावलांवर बाबांच्या शेजारी उभी होती. तिने सोबत आणलेली सगळ्यात आवडती बंदूक पाठीवर होती. मला उजवीकडून पावलं ऐकू आली. तिलाही आली असणार. ती हलली नाही. दोघंही गोळ्यांना बळी पडले आणि पिशव्या गेल्या. तिचा आवाज चालूच होता.

निरोप गेलेल्या नऊ जणांपैकी बंटीने तो पाहिला. तो डोंबिवलीला कामावर होता. त्याने सिद्धेशला फोन लावला. सिद्धेशने शेजारच्या विमलाबाईंना. थोड्याच वेळात दारावर धक्के बसू लागले, कडी तुटली, आणि विमलाबाईंचा घाबरलेला आवाज आला, "कुंडलिकभाऊ, अहो कुंडलिकभाऊ." माणसांनी त्यांना उचललं. कोणीतरी मला त्यांच्या डोक्यावरून ओढून बाजूला टाकलं. लोक गेल्यावर रिकाम्या घरात दक्षता अजून विचारत होती, "आले का कोणी? हॅलो, कोणी आहे का?" मला सगळं ऐकू येत होतं आणि मला उत्तर देता येत नव्हतं.

मग वीज गेली.

मी सहा आठवडे जमिनीवर पडून होतो. बाबा जगले की नाही, हे मला सांगणार कोण? फरशीवरून मुंग्या जायच्या. शेजारच्या घरातला कुकर वाजायचा. दोन वर्षं खिळ्यावर काढली, पण ते सहा आठवडे त्याहून लांब होते.

अखेर दार उघडलं. सिद्धेश होता. त्याने मला उचललं आणि हातात धरून किती तरी वेळ खुर्चीवर बसून राहिला. मग माझा सांधा चिकटपट्टीने बांधला आणि कॉम्प्युटरवर खेळ उघडला. मला कानांवर मात्र घातलं नाही. एक गादी कानापासून वीतभर दूर धरून तो माइकमध्ये म्हणाला, "दक्षता आहेत का? मी कुंडलिक यांचा मुलगा."

"कसे आहेत ते?" तिने विचारलं. बंटीकडून तिला कळत होतं, तरी तिने विचारलं.

"उजवा हात चालत नाही. बोलायला जातात ते एक, निघतं दुसरंच. समजतं सगळं." मग त्याने विचारलं, "ते तुमच्याशी काय बोलायचे?"

दक्षताने त्याला सांगितलं. बॉयलरच्या दाराचं सांगितलं, आणि बाजूला बसून बघायला पाहिजे होतं, तेही सांगितलं. सिद्धेशने मला मांडीवर ठेवलं.

आता मी माजिवड्याला आहे. सिद्धेश कामावर गेला की खोलीत बाबा आणि मी असतो. बाबा खिडकीतून हायवे बघतात. शब्द त्यांना सापडत नाहीत, म्हणून फोनही ते उचलत नाहीत. ते दिवस लांब असतात. सुट्टीच्या दुपारी मात्र सिद्धेश कॉम्प्युटर लावतो आणि मला बाबांच्या कानांवर ठेवतो.

"मी घालत नाही हे," पहिल्या दिवशी तो म्हणाला. "तुम्ही ऐका. मी खेळतो."

तो आवाजाविना खेळतो. बाबा त्याच्या मागे बसून ऐकतात. पावलं डावीकडून आली, की डाव्या हाताने त्याच्या डाव्या खांद्यावर टिचकी मारतात. उजवीकडून आली, की त्याच हाताने उजव्या. दोन टिचक्या म्हणजे निघ. दक्षता सोबत असते. तिघं पुष्कळदा बाहेर पडतात, पुष्कळदा मरतात.

गेल्या रविवारी सिद्धेश एका रिकाम्या गल्लीतून जात होता. बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो जागीच थांबला आणि बंदूक रोखून बसला. मित्रांनो, मी खात्रीने सांगतो, त्या वेळी माझ्यात एकाही पावलाचा आवाज नव्हता.

"कुठून, बाबा?" त्याने हळूच विचारलं.

बाबांनी हात तसाच ठेवला. सिद्धेश तसाच बसून राहिला. वेळ संपत आला तरी त्याने पुन्हा विचारलं नाही.

मित्रांनो, आम्हा हेडफोनांना जपायचं असेल तर वायर मुरगळू नका, गाद्या कोरड्या फडक्याने पुसत जा. आणि आम्हाला दोन्ही कानांवर चढवण्याआधी घरात कोण कोण आहे, ते एकदा ऐकून घ्या. नसेल कोणी, तर कोणाला तरी शेजारी बसायला बोलवा.